तिसऱ्या गियरवरचा हात

"भावजी, गियरबॉक्स खाली काढा आणि माझ्यासमोर उघडा," रतनवहिनी म्हणाल्या.

पाणी पुढं केलं, घेतलं नाही. खुर्ची दिली, बसल्या नाहीत. बाहेर ट्रॅक्टरच्या मागं साखळीनं बांधलेली त्यांची जुनी पिकअप उभी होती आणि त्यांचा धाकटा भाऊ बळवंत साखळीचा आकडा सोडवत होता.

हिंदुरावाचे दिवस होऊन आठवडाही उलटला नव्हता. हिंदुराव म्हणजे वहिनींचे मालक, माझा जुना गिऱ्हाईक आणि त्याहून जुना दोस्त. या पिकअपवर दोघांनी मिळून सारा संसार ओढला होता. मलकापुरात कांदा, बटाटा, लसूण भरायचा, आंबा घाट उतरायचा आणि खाली कोकणातले आठवडी बाजार करायचे. हिंदुराव गाडी चालवायचा, वहिनी तराजू धरायच्या. माझं गॅरेज मलकापूरच्या बाहेर, घाटाकडं जाणाऱ्या रस्त्यालाच, त्यामुळं गाडीचं दुखलंखुपलं माझ्याकडं यायचं. येसबा मिस्त्री म्हणतात मला. हात बरा आहे, तोंड जरा जास्त चालतं, अशी माझी पंचक्रोशीत ख्याती आहे. आता वय झालं, पाना कमी धरतो, पण तोंड तेवढंच चालतं.

"गाडी विकायची हाय का वहिनी?" मी विचारलं.

"विकायची न्हाई. तिसरा सुटला का न्हाई, त्येवढं मला बघायचंय."

ताकाला जाऊन भांडं लपवणारी बाई ती नव्हेच. आणि त्या तिसऱ्या गियरची सगळी कुंडली मला माहीत होती.

त्या गाडीचा तिसरा गियर सुटायचा. चढाला काही नाही, सपाटीला काही नाही. पण भरल्या गाडीनं उतार धरला, पायाखालचा ॲक्सिलेटर सोडला, की गियरची दांडी आपसूक मागं सरकायची आणि गाडी न्यूट्रलला यायची. घाट उतरताना गाडीला ब्रेकपेक्षा गियर धरून ठेवतो. तो सुटला की गाडी दावं तुटलेल्या बैलासारखी मोकळी पळते. हिंदुरावाला वळणावर दोन्ही हात स्टिअरिंगला लागायचे. मग दांडी कोण धरणार? शेजारी बसलेल्या वहिनी धरायच्या. आंबा गावाच्या पुढं उतार लागला की त्यांचा उजवा हात दांडीच्या मुठीवर जायचा तो घाट संपेपर्यंत तिथंच. पदर सारखा करायला जरा हात उचलला, की हिंदुराव ओरडायचा, "रतन, हात काढू नगंस, सुटंल!" मी दोन-तीनदा मागं पोत्यांवर बसून गेलो होतो त्यांच्याबरोबर. मागच्या काचेतून ते दोघं दिसायचे. तिचा हात दांडीवर, आणि ह्याचं तोंड घाटभर चालू. घरात मुका असणारा माणूस घाटात बोलायचा. आजूबाजूचे लोक थट्टा करायचे, हिंदुरावाच्या गाडीला दोन ड्रायव्हर लागतात म्हणून.

मी त्याला कितीदा सांगितलं असेल. "अरे, फोर्क झिजलाय आतला. दोन दिवस गाडी सोड माझ्याकडं, बदलून देतो."

"पुढच्या खेपेला बघू," हा ठरलेला जबाब. मग मीही सांगायचं सोडलं.

आणि ज्या दिवशी हिंदुराव गेला, त्या दिवशी वहिनी गाडीत नव्हत्या.

"बहिणीच्या लेकीचं डोहाळजेवण व्हतं बांबवड्याला," त्या सांगू लागल्या. इतक्यांदा सांगून झालं होतं की आवाजात चढउतारच उरला नव्हता. "मी म्हटलं, मी येत न्हाई, बाजार मोडू नगा. तर म्हणाले, तू जा. म्हटलं, आणि गियर कोण धरणार? तर हसले. म्हणाले, न्हाई सुटायचा त्यो, जा तू. माझ्या मनाला लागू नये म्हणून म्हणाले. आणि मी गेले, भावजी. हातभर बांगड्या भरून गेले."

दुपारी घाटातल्या एका वळणावर गाडी डोंगराच्या बाजूच्या गटारीत नाक खुपसून थांबलेली लोकांना दिसली. एक दिवा फुटला होता, मडगार्ड चेपलं होतं, बाकी पोतीसुद्धा जागची हलली नव्हती. हिंदुराव स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला होता. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं.

"बंद पडलं म्हणत्यात," वहिनी म्हणाल्या. "पडलंच असंल. पण कशानं? गियर सुटला, गाडी पळाली, शेजारी धरायला कोण न्हाई. भ्याला असंल माणूस. मी सोता बघितलंय, चौकीच्या आवारात गाडी उभी व्हती तवा दांडी न्यूट्रलला व्हती."

"अवो, गाडी ओढून आणायची तर न्यूट्रल करावीच लागती. क्रेनवाल्यानं केली असंल."

"असंल," त्या म्हणाल्या. "ह्या 'असंल'नं मला झोप लागंना झालीया."

मी जॅक आणायच्या निमित्तानं मागं गेलो. बळवंत माझ्यामागून आला आणि हळूच म्हणाला, "मिस्त्री, काय बी निघू दे, पर बरं हाय म्हणून सांगा. ताई उजव्या हातानं जेवत न्हाई. घास डाव्या हातानं घेती. आईनं इचारलं तर म्हणती, दुखतोय. तराजू बी माझ्या गळ्यात घातलाय. म्हणती, ह्या हातानं आता काय धरायचं न्हाई."

मी तर त्याच्याही आधी ते ठरवून टाकलं होतं. खोटं बोलायचं. झिजलेला फोर्क निघणार याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती, मीच तर दांडी हलवून बघून तसं सांगितलं होतं. बाईमाणसाला गियरबॉक्समधलं काय कळतंय, दाखवायचं काहीतरी चकचकीत आणि म्हणायचं, बघा, झकास आहे.

पण वहिनींनी आयुष्यभर बाजार केला होता. मी जॅक लावून गाडीखाली सरकणार, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "थांबा. तुमच्याकडं मोडीत झिजलेला असंल ना एखादा, आणि एखादा नवा? ते दोन्ही आधी माझ्या हातात द्या. माल बघितल्याबिगर मी भाव करत न्हाई."

झालं! माझं खोटं बोलायच्या आधीच उघडं पडलं. मोडीच्या पिंपात हात घालून मी एक जुना फोर्क काढला आणि कपाटातून एक नवा. दोन बोटांच्या चिमट्यासारखी वस्तू असते ती. गियरच्या कड्याला दोन्ही बाजूंनी धरून ठेवते. नव्याची बोटं जाड, टोकं चौकोनी. जुन्याची टोकं सुरीच्या पात्यासारखी पातळ झालेली.

"ही बोटं झिजली की कडं नीट धरत न्हाईत," मी सांगितलं. "मग गियर सुटतो."

वहिनींनी दोन्ही फोर्क घेतले, डाव्या हातातच, आणि अंगठा टोकांवरून फिरवून पाहिला. मग त्या खुर्चीवर बसल्या. "आता काढा," म्हणाल्या.

मी खाली शिरलो. बळवंत हाताशी होता. आधी गियरबॉक्सचं तेल सोडलं, आणि तिथंच पहिल्यांदा घोडं अडलं. झिजक्या गियरबॉक्सचं तेल काळं येतं, त्यात पितळेचा चुरा चमकतो. हे तेल मधासारखं उतरत होतं. बोट बुडवून उन्हात धरलं. चुरा नाही, काही नाही. मला वाटलं, हिंदुरावानं नुसतं तेल बदललं असेल कुठंतरी. पण माझ्याकडं का नाही बदललं? मग आठवलं, अलीकडं ब्रेक आणि ग्रीसखेरीज तो मला गाडीखाली शिरूच द्यायचा नाही. "राहू दे की येसबा, चहा घे," म्हणायचा.

मागचा शाफ्ट सोडला, बोल्ट काढले, गियरबॉक्स जॅकवर घेऊन हळूहळू खाली उतरवला आणि बाकड्यावर ठेवला. पुसला तर झाकणाच्या फटीतून तेल अडवणारं लाल पॅकिंग डोकावत होतं. मी जन्मात लाल पॅकिंग लावलेलं नाही, मी कायम काळं लावतो. आणि प्रत्येक बोल्टच्या डोक्यावर पिवळ्या रंगाचा एकेक ठिपका. आवळलेला बोल्ट कोणता आणि राहिलेला कोणता, हे चुकू नये म्हणून असा ठिपका देणारा माणूस या साऱ्या घाटात एकच होता. खाली साखरप्याचे सोलकर उस्ताद.

माझे हात थांबले. वहिनी उठून बाकड्याशी आल्या. "काय झालं? का थांबलासा?"

"काय न्हाई," मी म्हटलं आणि झाकण उचललं.

आत तिसऱ्याचा फोर्क होता. टोकं जाड. चौकोनी. त्याच्या शेजारची पितळी रिंगही नवी, तिचे दातसुद्धा अजून धारदार होते. मी बाजूला झालो. सांगायला नकोच होतं. वहिनींनी वाकून पाहिलं, मग हातातल्या दोन फोर्कांकडं पाहिलं, मग पुन्हा आत. आणि मग त्यांनी उजवा हात पदराखालून काढला, तेलकट गियरांत घातला आणि त्या फोर्कच्या टोकावर अंगठा फिरवला. एकदा. पुन्हा एकदा.

"ह्यो नवा हाय," त्या म्हणाल्या.

"व्हय."

"तुम्ही घातला?"

"न्हाई वहिनी. माझी शप्पत, मला ठावं न्हाई."

"मग सुटत नव्हता? हा असा असला तर सुटतच न्हाई ना?"

"न्हाई सुटत. शक्यच न्हाई."

त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. एखाद्याला चुकीच्या घरासमोर उभं केल्यावर त्याचा चेहरा होतो, तसा झाला होता. मी सरळ फोन काढला आणि गॅरेजच्या दारात जाऊन सोलकर उस्तादांना लावला.

"उस्ताद, हिंदुरावाच्या पिकअपचा गियरबॉक्स तुम्ही केला व्हता?"

पलीकडं हातोडीचा आवाज थांबला. मग उस्ताद म्हणाले, "त्याने शपथ घातली होती रे. कोणाला सांगू नका म्हणाला. तुला तर नाहीच नाही. म्हणाला, येसबाच्या तोंडाला कुलूप नाही, संध्याकाळपर्यंत घरी कळेल."

"आता त्यो गेला, उस्ताद. आणि त्याची बायको माझ्या गॅरेजात उभी हाय. म्हणती, गियर तिनं धरला न्हाई म्हणून माणूस गेला."

"या अल्ला," उस्ताद म्हणाले. आणि मग त्यांनी सगळं सांगितलं.

फोन ठेवून मी आत आलो. हिंदुराव माणूस ओळखून होता. संध्याकाळपर्यंत कुठलं, मी पाच पावलांत सगळं सांगून टाकलं. एरवी हे तोंड नको तिथं चालतं, त्या दिवशी मात्र मला त्याचा आधार वाटला.

"दोन पावसाळ्यांपूर्वीची गोष्ट, वहिनी. साखरप्याच्या बाजारात तुम्ही तराजू धरून बसला व्हता, तवा त्यानं गाडी सोलकरांकडं लावली. म्हणाला, घाट उतरला की रतनचं मनगट सुजतंय, रातभर तळमळती, पर बोलत न्हाई. आजच्या आज करून द्या. उस्तादांनी चार माणसं लावून केलं."

"त्या दिवशी उशीर झाला व्हता," वहिनी पुटपुटल्या. "मला म्हणाले, पंक्चर काढत व्हतो."

"मग उस्ताद म्हणाले, बायको खूश होईल, आता तिला दांडी धरायला नको. तर हात जोडले त्यानं. म्हणाला, तिला सांगू नगा. तिला कळलं तर ती हात काढून घेईल. आणि मग मी घाटात बोलू कुणाशी?"

वहिनी तेलानं माखलेला हात तसाच पुढं धरून उभ्या राहिल्या. मग हळूहळू खुर्चीवर बसल्या.

"सूज उतरली व्हती माझी," त्या म्हणाल्या. "रोज रात्री खोबरेल चोळायचे मनगटाला. म्हणायचे, बघ, तेलानं गुण आला. आणि दांडी पण हलकी लागायची. पयलं साऱ्या हाताचा जोर लागायचा, नंतर नुसता हात ठेवला तरी राहायची." त्यांनी त्या हाताकडं पाहिलं. "मला वाटायचं, मला जमाया लागलं."

आणि मग ती बाई रडली. नवरा गेल्यापासून रडली नव्हती, असं बळवंतनं मला नंतर सांगितलं. तिकडं गटारीशी नाही, चौकीत नाही, दहाव्यालाही नाही. माझ्या गॅरेजात, उघड्या गियरबॉक्ससमोर बसून रडली. मध्येच हसायची, "खोटारडा मेला," म्हणायची आणि पुन्हा रडायची. मलाही आवरलं नाही. तेलकट हातानं डोळे पुसले, दोन दिवस चुरचुरत होते.

थोड्या वेळानं माझ्या घरून भाकरी आली. वहिनींनी राखेनं आणि साबणानं हात धुतला, नखांत राहिलेलं तेल काही गेलं नाही, तरी उजव्या हातानं भाकरी मोडली. बळवंत खाली मान घालून जेवत होता.

गियरबॉक्स दुसऱ्या दिवशी बसवून झाला. झाकणाला मी माझं काळं पॅकिंग लावलं, पण बोल्ट आवळून झाल्यावर काय वाटलं कोण जाणे, शेजारच्या पेंटरकडून पिवळा रंग आणून प्रत्येक बोल्टवर ठिपका दिला. आमच्या धंद्यात दुसऱ्याची खूण कुणी ठेवत नाही. मी ठेवली.

"वहिनी, बळवंत गाडी नेईल घरला," मी म्हटलं.

"घाट उतरून दावा," त्या म्हणाल्या. "एकदा."

माल बघितल्याशिवाय भाव नाही, हे मला पाठ झालं होतं. मी स्टिअरिंगवर बसलो, त्या शेजारी. हिंदुरावाच्या जागेवर बसायचं जिवावर आलं होतं. आंबा गाव मागं पडलं, उतार लागला. मी तिसरा टाकला आणि पाय उचलला. इंजिन गुरगुरलं आणि गाडी धरली गेली. दांडी जागची हलली नाही. मी मुद्दाम हात वर करून दाखवला.

"बघा. न्हाई सुटत."

त्यांनी मान हलवली. हात मांडीवर होते, एकमेकांत गुंतवलेले. ज्या वळणावर गाडी गटारीत गेली होती ते आलं. कडेच्या मातीत चाकाची खूण अजून होती. मी गाडी थांबवू का म्हणून त्यांच्याकडं पाहिलं. त्यांनी नको म्हणून मान हलवली. गटारीकडं बघत राहिल्या, गाडी पुढं जाईपर्यंत.

"म्हणाले व्हते मला," त्या एकदम म्हणाल्या. "न्हाई सुटायचा त्यो, जा तू. खरं सांगून गेले व्हते, भावजी. मलाच कळलं न्हाई."

मी आरशात बघून गाडी डाव्या अंगाला घेतली.

पुढच्या वळणाच्या आधी त्यांचा उजवा हात मांडीवरून उठला आणि दांडीच्या मुठीवर येऊन बसला. जोर नव्हता त्यात. नुसता ठेवलेला. मूठ झिजून गुळगुळीत झाली होती, त्यावरचे गियरचे आकडेसुद्धा पुसून गेले होते. माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं, वहिनी, आता धरायची गरज नाही. मी गिळून टाकलं. आयुष्यात गिळलेलं ते माझं पहिलं वाक्य असेल.

समोरून एक एसटी चढत आली. बाजू देताना मी स्टिअरिंग दोन्ही हातांनी फिरवलं. वाऱ्यानं वहिनींचा पदर उडाला, तो सावरायला त्यांनी दांडीवरचा हात जरासा उचलला, आणि तसाच पुन्हा खाली ठेवला.

"हात काढू नगंस, सुटंल," त्या स्वतःशीच म्हणाल्या, अगदी हिंदुरावाच्या आवाजात.

मग खाली साखरपा येईपर्यंत त्यांनी तो काढला नाही.